अर्धी जपमाळ

"आजच्या दिवस प्रार्थना राहू दे, जसू," इनास आरशासमोर भांग पाडता पाडता म्हणाला. "साहेब सातच्या आधीच येणार. त्यांच्यापुढे काय गुडघे टेकून बसायचं आपण?"

"आजच्या दिवस?" मी म्हटलं. "आणि काल काय होतं?"

"काल मला यायला उशीर झाला."

"परवा नव्हता झाला. परवा मॅच होती."

त्याने कंगवा खाली ठेवला नि माझ्याकडे बघून हसला. लग्नाआधी याच हसण्यावर मी भाळले होते, त्यामुळे आता तक्रार करायची सोय नव्हती. "अगं, देवाला मनातलं कळतं," तो म्हणाला.

हे त्याचं हुकमी वाक्य. उपास मोडला, देवाला मनातलं कळतं. सेमेटरीत आईबापाच्या कबरीवर मेणबत्ती लावायची राहिली, देवाला मनातलं कळतं.

"कळतं म्हणून तर मला धास्ती वाटते," मी म्हटलं आणि कोळंबी सोलायला आत गेले.

कोळंबी, कारण तो शुक्रवार होता. आमच्या घरात शुक्रवारी मटण शिजत नाही, हा सासऱ्यांपासूनचा नियम. साहेबांना मटण खिलवायचं इनासच्या फार मनात होतं, पण तो नियम मोडायची त्याला छाती झाली नाही. शुक्रवार आम्ही चुलीवर पाळला. बाकी कुठे पाळला, ते सांगतेच.

ही गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची, वसईची. तेव्हा आमच्या आळीत घरामागे सगळ्यांच्या वाड्या होत्या, केळी नि मोगऱ्याच्या. आमच्या मोगऱ्याचे गजरे करता करता इनासने लग्नाच्या मंडपांची सजावट करायला घेतली. माणूस हुशार, हात कलेचा. बघता बघता धंदा वाढला, जुन्या कौलारू घराच्या जागी बंगला उभा राहिला, आणि बंगल्याच्या हॉलमध्ये एसी आला. वसईच्या आमच्या भागात तेव्हा एसी म्हणजे अपूर्वाईच. बायका मुद्दाम बघायला यायच्या. मीच त्यांना सोफ्यावर बसवून "येतोय का वारा?" म्हणून विचारायचे, खोटं कशाला बोलू?

आमच्या कुंपणाला लागूनच कात्रीनमावशीचं घर होतं. मावशी म्हणायची पद्धत, नात्याने ती इनासची कुणी नाही. त्याची आई तो चार वर्षांचा असताना वारली. सासरे दिवसभर वाडीत राबायचे, आणि पोराला न्हाऊमाखू घालायची, भरवायची, ती ही शेजारची बिनलेकराची विधवा बाई. क्रुसाची खूण करायला तिने शिकवलं, जपमाळही तिनेच शिकवली. पुढे म्हातारपणी ती विहिरीपाशी घसरून पडली, खुबा मोडला, आणि कायमची खाटेवर आली. तिची भाची सकाळी येऊन तिचं सगळं करून जायची. दोन वेळचं जेवण आमच्याकडून. त्यात आम्ही कधी कसूर केली नाही, हे मी चर्चच्या पायरीवर उभी राहून सांगेन.

पण मावशीला जेवणाची भूक नव्हतीच. तिला भूक होती ती संध्याकाळच्या सातची.

ज्यांच्या घरी ही चाल नाही त्यांना सांगते. आमच्या घराघरांत सांजेला जपमाळेची प्रार्थना होते. पाच रहस्यं, म्हणजे येशू नि मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, प्रत्येक रहस्यापाठी दहा वेळा नमो मारिया. आणि ती जपमाळ दोघांत वाटलेली असते. एकजण पुढचं अर्धं म्हणतो, "नमो मारिया, कृपापूर्णे..." आणि बाकीचे मागचं अर्धं म्हणून त्याला उत्तर देतात, "हे पवित्र मारिये, देवाच्या माते..." विहिरीतून पोहरा काढताना दोघांनी दोर आळीपाळीने ओढावा, तसं ते चालतं.

जुन्या घरी आमच्या ओटीची खिडकी मावशीच्या खिडकीसमोर होती. तिची खाट खिडकीला लागून. चर्चची घंटा झाली की आम्ही ओटीवर गुडघे टेकायचो, इनास पुढचं अर्धं म्हणायचा, आणि मागचं अर्धं आम्ही अलीकडून नि मावशी पलीकडून. तिचा आवाज नेहमी एक शब्द मागे. आमचं आमेन होऊन जायचं, मग तिचं यायचं. पोरं तोंड दाबून हसायची. चर्चात उपासनेला, मिस्साला जाणं तर तिचं संपलंच होतं. महिन्यातून एकदा फादर येऊन कम्युनियनची पवित्र भाकर देऊन जात. ती मला म्हणायची, "फादरांचं चर्च लांब आहे गो बाय, माझं चर्च म्हणजे तुमची खिडकी."

बंगला झाला तेव्हाही खिडकी मावशीच्या बाजूलाच ठेवली होती आम्ही. चांगली ऐसपैस, ग्रीलची. पण एसी म्हटला की खिडक्या बंद.

पहिल्याच आठवड्यात मावशीने विचारलं, "जसू, इनासचा घसा बसलाय काय गो? आवाज येत नाही त्याचा."

"एसी आहे ना मावशी. खिडकी उघडली की थंडी बाहेर जाते."

"ऑक्टोबरच्या उकाड्यात थंडी!" ती मनापासून हसली. "जाऊ दे. तुम्ही म्हणताय ना, मग झालं."

आणि म्हणत होतो की आम्ही तेव्हा. पाचही रहस्यं. मग लग्नसराई आली, इनास दमून यायचा, म्हणून पाचाची तीन झाली. तिनाचं एक झालं. एकदा त्या एका रहस्यातही इनासला सोफ्याला टेकून डुलकी लागली. पुढे शनिवारीच म्हणू असं ठरलं, आणि शनिवारीच नेमकी लग्नं. कुणी ठरवून काही बंद केलं नाही. हंड्याला बारीक भोक पडलं की पाणी गळताना दिसत नाही, सकाळी हंडा रिकामा सापडतो, तसं झालं. रविवारची मिस्सा आम्ही चुकवली नाही. सणाला चर्चचा मंडप आमचाच, एक पैसा न घेता. आमच्या घरातलं काही कमी झालंय, असं कोण म्हणणार? फादरसुद्धा नाही म्हणाले.

मावशीनेही मग विचारायचं सोडलं. रात्रीचं ताट घेऊन मी जायचे तेव्हा तिच्या हातात माळ असायची. मी आपली सवयीने विचारायचे, "झाली का प्रार्थना, मावशी?"

"झाली," ती म्हणायची. "माझ्या बाजूची झाली."

मी ताट ठेवायचे, पाण्याचा तांब्या भरायचे आणि मागे फिरायचे. ती काय म्हणतेय, ते कानाआड जायचं.

तर तो शुक्रवार. साहेब म्हणजे प्रधानसाहेब, मुंबईच्या एका बड्या हॉटेलात लग्नसमारंभांची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असायची. वर्षभराच्या सजावटीचं काम ते कुणाला तरी देणार होते, आणि इनासचं नाव त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. इनास आठवडाभर नीट झोपला नव्हता. पोरं सुट्टीची माझ्या माहेरी होती, ते बरंच झालं म्हणाला. नवा सफारी शिवला. सोफ्याची कव्हरं धुतली. आणि साहेब यायच्या जरा आधी त्याने हॉलमधल्या अल्तारापाशी, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यापाशी जाऊन त्याचं दार सरकवलं.

हे दार सुताराने केलं होतं. जुन्या घरातल्या पवित्र मरियेच्या पुतळ्यासाठी हॉलच्या भिंतीत कोनाडा केला, त्याला सागवानी सरकतं दार, धूळ बसू नये म्हणून. आजवर ते कधी लावलं नव्हतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"धूळ जाते आत."

हॉलमध्ये धुळीचा कण नव्हता. मी त्या सकाळी दोनदा पुसून काढला होता. मी नुसती बघत राहिले, आणि त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

प्रधानसाहेब आले. मला वाटलं होतं, कुणी टाय लावलेला, नाक वर केलेला माणूस असेल. तर हे पन्नाशी उलटलेले, सुती शर्टातले, मऊ बोलणारे गृहस्थ. "वहिनी, काही त्रास करून घेऊ नका," म्हणाले. मी सुकेळी पुढे ठेवली. वसईची केळी उन्हात सुकवून करतात, मधासारखी गोड. त्यांनी एक खाल्लं, मग लाजत दुसरं उचललं. इनासने फोटोंचे अल्बम उघडले. मोगऱ्याचे पडदे, जरबेराच्या कमानी. बोलणं चांगलं चाललं होतं. एसीचा गारवा होता, आणि त्याच्या घरघरीत सातची घंटा झाली की नाही, हे कुणालाच कळलं नाही.

"तुमच्याकडे मंडळी फार श्रद्धाळू असतात म्हणे," प्रधानसाहेब सहज म्हणाले. "येताना जागोजागी क्रूस बघितले. ताजी फुलं होती त्यांवर."

मला वाटलं, आता इनास सांगेल. त्यातल्या आमच्या आळीच्या क्रुसाला फुलं आमच्याच वाडीतली असतात, लहानपणापासून तो स्वतः वाहत आलाय. मिस्साला फादरांच्या मागे मेणबत्ती धरून उभा राहणारा पोर होता तो.

"जुनी माणसं हो," इनास म्हणाला. "आम्ही आपले मॉडर्न. नाताळ, ईस्टर, एवढंच. बाकी वेळ कुणाला आहे?"

मला पेत्राची आठवण आली, कोंबडा आरवायच्या आत तीनदा येशूची ओळख नाकारणाऱ्या शिष्याची. कोंबडा तेवढा आरवायचा राहिला होता. मी उठून आत गेले आणि विनाकारण कोळंबीची कढई ढवळली.

तेवढ्यात लाईट गेली.

मे महिन्यात वसईत लाईट जाणं म्हणजे काही बातमी नव्हे. पण एसीवाल्या बंद हॉलमध्ये लाईट गेली की काय होतं, ते आम्हाला त्या दिवशी समजलं. बघता बघता भट्टी. इनास काडेपेटी शोधत अंधारात टीपॉयवर आपटला. मी मेणबत्ती लावून आणली.

"वहिनी, खिडकी उघडता का जरा?" प्रधानसाहेब घाम पुसत म्हणाले.

मी उघडली. इतक्या दिवसांत कडी घट्ट बसली होती, पदराने धरून ओढावी लागली. बाहेरचा वारा आत आला, मोगऱ्याचा वास आला, आणि त्याच्यामागून आवाज आला.

"दुःखाचं पहिलं रहस्य. बागेत प्रभू प्रार्थना करतो, आणि शिष्य झोपी जातात."

म्हातारा, कापरा, पण स्वच्छ आवाज. अंधारात तो खिडकीशीच कुणी उभं राहून बोलल्यासारखा वाटला.

"नमो मारिया, कृपापूर्णे, प्रभू तुझ्याबरोबर..." पुढचं अर्धं झालं. मग काहीच नाही. शांतता. मग पुन्हा, "नमो मारिया, कृपापूर्णे..." तेच पुढचं अर्धं. पुन्हा शांतता.

"कोण आहे?" प्रधानसाहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"शेजारची म्हातारी," इनास घाईने म्हणाला. "वय झालंय. डोक्याने जरा... अर्धं म्हणते नि बाकीचं विसरते. जसू, खिडकी लोटून घे थोडी."

माझा हात खिडकीवर होता. तो तिथेच राहिला.

डोक्याने? मावशी? माझ्या धाकटीचा बाप्तिस्मा कुठल्या वारी झाला, त्या दिवशी पाऊस कसा लागला आणि कुणाची छत्री हरवली, हे चारच दिवसांपूर्वी तिने मला सांगितलं होतं. ही बाई नमो मारिया विसरेल?

आणि मग माझ्या काय लक्षात आलं, सांगते. आमच्याकडच्या बायका घड्याळ बघून रांधत नाहीत. अंडं उकडायचं ते नमो मारियाच्या मापाने, चहा उकळू द्यायचा तोही त्याच मापाने. सासूने सुनेला दिलेलं माप ते. मला सासू नव्हती, ते माप मला कात्रीनमावशीनेच दिलं होतं. त्यामुळे एक अर्धं म्हणायला किती वेळ लागतो, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. मी ती शांतता ऐकली. पुन्हा ऐकली. ती विसरल्याची शांतता नव्हती. विसरलेलं माणूस चाचपडतं, मागे जातं. ही शांतता प्रत्येक वेळी बरोब्बर एका अर्ध्याएवढी होती. ना कमी, ना जास्त. शेवटी 'आमेन'पुरतीसुद्धा जागा होती.

आमचं अर्धं होतं ते. पुढचं म्हणणारा इनास नव्हता, म्हणून ते तिने उचललं होतं, आणि मागचं आमच्यासाठी सोडलं होतं.

माझ्या तोंडून ते निघूनच गेलं. "हे पवित्र मारिये, देवाच्या माते, आम्हां पाप्यांसाठी..." अगदी हळू. मावशीला ऐकू जाण्यासारखं नव्हतंच, पण हॉलमध्ये ऐकू गेलं.

"तुम्हाला येतं ते?" प्रधानसाहेब म्हणाले.

मी इनासकडे पाहिलं. बोलायचं होतं ते इनासने.

प्रधानसाहेबांनी अल्बम मिटवून बाजूला ठेवला. "आमची आई दिवेलागणीला शुभंकरोति म्हणायची," ते म्हणाले. "आम्ही भावंडं ओळीने बसायचो. कंटाळायचो हो, चिमटे काढायचो एकमेकांना. ती गेली आणि बंद पडलं. माझ्या मुलांना तर ठाऊकच नाही. आज इतक्या वर्षांनी दिवेलागणीला कुणाला तरी काही म्हणताना ऐकलं." मग जरा थांबून म्हणाले, "नशीबवान आहात तुम्ही. आणि माझ्यासाठी खिडकी लावू नका, कृपा करून."

इनास मेणबत्तीपुढे बसला होता. त्याचा चेहरा मला दिसत होता. पंचवीस माणसांवर हुकूम सोडणारा माणूस, पण त्या घडीला तो चार वर्षांचा वाटत होता. बाहेरून पुन्हा आवाज आला, "नमो मारिया..." आणि पुन्हा ती जागा मोकळी राहिली. तो उठला. खिडकीपाशी आला, ग्रील धरली, तोंड उघडलं. मग एकदम वळला आणि मागच्या दाराने अनवाणीच बाहेर गेला.

मी प्रधानसाहेबांकडे पाहिलं. "जा तुम्ही," ते म्हणाले. "माझी काळजी नको. सुकेळी आहेत माझ्या सोबतीला."

मी दुसरी मेणबत्ती घेऊन कुंपणाच्या फटीतून गेले. इनास मावशीच्या उंबऱ्यात उभा होता, आत जायचा धीर होत नसल्यासारखा. मावशी अंधारातच पडून होती. लाईट गेलीय, हे तरी तिला कळलं होतं की नाही कोण जाणे. डोळे मिटलेले, छातीवर माळ, अंगठा मण्यावर.

"नमो मारिया, कृपापूर्णे..." तिने पुढचं अर्धं म्हटलं आणि ती थांबली.

"हे पवित्र मारिये," इनास म्हणाला. आवाज घोगरा, ओळखू न येणारा. "देवाच्या माते. आम्हां पाप्यांसाठी..." इथे तो अडला. पुढे शब्दच येईना.

मावशीने डोळे उघडले नाहीत. तिने ते त्याच्या वतीने पुरंही केलं नाही. नुसती थांबली. मेणबत्तीचं मेण माझ्या बोटांवर उतरलं, तरी ती थांबलेलीच.

"...आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर," इनासने कसंबसं म्हटलं. "आमेन."

"आमेन," मावशी म्हणाली. एक शब्द मागे, नेहमीसारखी. मग तिने डोळे उघडले आणि उंबऱ्याकडे मान वळवली. "इनास काय रे? घसा बरा झाला का तुझा?"

तो पुढे झाला आणि खाटेपाशी मटकन खाली बसला. नव्या सफारीची त्याला शुद्ध नव्हती. तिच्या हातावर कपाळ टेकून तो रडला. आमच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती, आणि मी त्याला बाप गेला तेव्हाच काय ते रडताना पाहिलं होतं.

"अरे, अरे," मावशी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. "झालं काय एवढं?"

"मावशी, तू अर्धीच का म्हणतेस?" त्याने विचारलं. "रोज अशीच म्हणतेस?"

"रोज."

"पूर्ण म्हणायची ना मग."

"म्हणता येते मला पूर्ण," ती जरा फणकाऱ्याने म्हणाली. "तुला कुणी शिकवली? पण सगळी मीच म्हणून टाकली, तर तू आल्यावर तुला रे काय उरणार? तुझी जागा भरून टाकू होय?"

इनास तिच्या हातातल्या माळेकडे बघत राहिला.

"लहान होतास तेव्हा रोज मधेच झोपायचास," ती म्हणाली. "दुसऱ्या रहस्यात तुझी मान पडायची. तुझा बाप म्हणायचा, कात्रीन, म्हणून टाक तू, पोरगा झोपला. मी नाही म्हणायचे. मण्यावर बोट ठेवून बसायचे. थोड्या वेळाने तू डोळे चोळत उठायचास आणि विचारायचास, कुठे आलो आपण? मग तिथूनच पुढे." ती हसली. "आवाज यायचा बंद झाला तेव्हा मी म्हटलं, पोर झोपलं असेल. दिवसभर राबतो. उठेल."

"आणि नसतो उठलो तर?"

"तर बोट होतंच की माझं मण्यावर," मावशी म्हणाली, यात विचारण्यासारखं काय आहे असं. "तुझं अर्धं का कुणी चोरून नेणार होतं?"

माझे डोळे भरून आले. मला तिला विचारायचं होतं, मावशी, मग मला तरी सांगायचंस. रोज दोन वेळा तुझ्यापुढे ताट ठेवत होते मी. पण मला आठवलं, ती सांगतच होती. माझ्या बाजूची झाली, असं रोज सांगत होती.

मावशीने माळ उचलून इनासच्या हातात दिली, अंगठा तसाच त्या मण्यावर ठेवून. त्याने तिथे बोट ठेवलं, मगच तिने आपलं काढलं.

"इथवर आलोय आपण," ती म्हणाली. "आता पुढचं तू घे बाबा. मी दमले. मला माझी मागची बाजू बरी."

मी खाटेच्या पायथ्याशी गुडघे टेकले. इनासने नाक पुसलं, घसा खाकरला आणि सुरुवात केली. नमो मारिया, कृपापूर्णे. आम्ही दोघींनी उत्तर दिलं, मी आधी, ती एक शब्द मागे.

तिसऱ्या रहस्याच्या मध्यावर लाईट आली. आमच्या बंगल्यातून एसीची घरघर सुरू झाली आणि इनासचा आवाज जरा अडखळला. पण घरघर फार वेळ टिकली नाही. कुणीतरी ती बंद केली. नंतर आम्ही परत गेलो तेव्हा प्रधानसाहेब उघड्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले होते, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. "इकडे छान ऐकू येत होतं," एवढंच ते म्हणाले. मग इनासने अल्ताराचं दार सरकवून उघडलं, मरियेपुढची वात लावली, आणि साहेबांना म्हणाला, "मघाशी मी खोटं बोललो. ती म्हातारी म्हणजे माझी आई आहे." प्रधानसाहेबांनी मान हलवली आणि कोळंबी मागून घेऊन खाल्ली.

लोक विचारतात, मग काम मिळालं का? नाही मिळालं. त्यात देवाचा हात नव्हता, आमचे दर जास्त होते. एसीही आम्ही विकला नाही. मे महिन्यात वसईत राहून बघा म्हणजे कळेल. पण सातची घंटा झाली की तो बंद व्हायचा आणि खिडकी उघडायची. इनास मंडपावर असला तर मी पुढचं अर्धं म्हणायचे. तो घरी आला की पहिलं विचारायचा, "मावशीने उत्तर दिलं?"

त्यानंतर मावशी दोन पावसाळे जगली. शेवटच्या आठवड्यात आम्ही प्रार्थना तिच्याच खोलीत नेली, पोरांसकट. फादर येऊन मरणाआधीचं पवित्र तेल लावून गेले होते. त्या संध्याकाळीही घंटा झाली, इनासने पुढचं अर्धं म्हटलं, आम्ही मागचं, आणि मावशीचे ओठ हलले. आवाज जवळजवळ नव्हताच, पण आमच्या आमेननंतर तिचं आमेन येत होतं. एकामागून एक मणी सरकत होते. मग एका आमेननंतर तिचं आलं नाही.

इनास पुढचा मणी ओढेना. पोरं त्याच्याकडे बघायला लागली. मी वाकून मावशीच्या नाकाशी हात धरला, मग तिच्या डोळ्यांवरून हळूच फिरवला.

"इनास," मी म्हटलं, "ती गेली रे."

"माहीत आहे," तो म्हणाला. त्याचा अंगठा मण्यावरच होता. "थांब जरा. तिची जागा आहे."